कितवा लाल्या?

गुरुवार, रात्री उशिरा

आज दादाशी फोनवर वाद घातला, तोही एका कुत्र्याच्या कानावरून. मी म्हणत होते, लाल्याचा डावा कान फाटलेला होता. दादाचं म्हणणं, कान चांगले धडधाकट होते, मागचा एक पाय तेवढा पांढरा होता. आम्ही दोघं नारायण पेठेतल्या एकाच वाड्यात वाढलो, एकाच पायरीवर बसून चपला घातल्या आणि त्याच पायरीवर लाल्या आडवा पडलेला असायचा. ‘तुला मेलीला काही आठवत नाही,’ असं म्हणून दादाने फोन ठेवला.

वाड्याचा दिंडी दरवाजा दिवसभर सताड उघडा असायचा. लाल्या कुणाचाच नव्हता, त्यामुळे त्याला हाकलायचा हक्कही कुणा एका बिऱ्हाडाला नव्हता. सकाळी कुणीतरी शिळी पोळी टाकायचं, दुपारी कुणी ताकात कुस्करलेला भात. ‘पाळलेला’ हा प्रकार नदीपलीकडे, प्रभात रोडच्या बंगल्यांत. तिथे फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ची पाटी आणि आत अल्सेशियन. पण गंमत म्हणजे त्यातलीही बरीचशी सकाळी फाटक उघडलं की एकटीच बाहेर पडायची आणि उंडारून न्याहारीला परत यायची. साखळी धरून कुत्र्यामागे चालणारा माणूस आम्हाला तेव्हा जरा विनोदीच वाटायचा.

तळमजल्यावरच्या आजींची ठाम समजूत होती की लाल्या वाड्यातला, म्हणजे शुद्ध शाकाहारी. वरणभातावर तूप नसलं तर तोंड लावत नाही, असं त्या कौतुकाने सांगायच्या. दादाने एकदा त्याला पलीकडच्या पेठेत खाटकाच्या दुकानापाशी पाहिलं. तिथे तो नुसता उभा नव्हता, नेहमीचं गिऱ्हाईक असल्यासारखा ऐसपैस बसला होता. आजींना हे सांगायचं नाही, असं आम्ही मुलांनी ठरवलं.

याच आजी चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य करायच्या. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी पहिल्यांदा घरात यायचे, त्यामुळे आमचंही लक्ष त्या ताटावर. पण पहिला घास लाल्याचा. खंडोबाचं कुत्रं म्हणून त्या दिवशी त्याला कपाळाला भंडारा. तो बिचारा डोळे मिटून लावून घ्यायचा. एरवी वर्षभर ‘हाड्’ ऐकणाऱ्याला एक दिवस देवपण. एकदा रोडगा तोंडात धरून तो पळाला, तर आजी नामदेवांसारख्या तुपाची वाटी घेऊन दिंडीपर्यंत गेल्या होत्या. पुढे त्यांचे गुडघे ऐकेनात.

शाळेत जाताना तो आमच्याबरोबर यायचा, पण पत्र्या मारुतीपर्यंतच. तिथून पुढे दुसऱ्या टोळीची हद्द. ती रेघ आम्हाला दिसायची नाही, त्याला बरोबर दिसायची. त्या जागी येऊन तो खाली बसायचा आणि आम्ही वळेपर्यंत बघत राहायचा. पुढच्या गल्लीतलं एक काळं कुत्रं सायकलींचं वैरी होतं. ते मागे लागलं की पेडल सोडून दोन्ही पाय हँडलवर घ्यायचे आणि उतार संपायच्या आत देवाचं नाव घ्यायचं.

अनंत चतुर्दशीला ढोल सुरू झाले की लाल्या जिन्याखालच्या लाकडाच्या वखारीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक संपल्यावर बाहेर यायचा आणि लक्ष्मी रोडवरच्या गुलालात लोळून घरी यायचा. मग दसऱ्यापर्यंत आमचं कुत्रं गुलाबी.

आता चावण्याचं. ‘पूर्वीची कुत्री चावत नव्हती’ असं हल्ली सर्रास ऐकते. दादाला चावलं होतं ना! चौथीत होता तेव्हा. लाल्या नव्हे, तेच ते काळं. घरी आणल्यावर एका काकूंनी जखमेत मिरचीपूड दाबली, दुसऱ्या चुना घेऊन आल्या. डॉक्टरांनी सगळ्यांना फैलावर घेतलं, ‘आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा, ते सोडून हे काय चालवलंय?’ आणि मग ती प्रसिद्ध चौदा इंजेक्शनं, पोटात, रोज एक. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्याकडे २००४च्या सुमारास बंद झाली, आता दंडात चार-पाच घेऊन भागतं. तेव्हा मात्र पोटावर उमटलेल्या त्या गाठी दादा आम्हाला पैसे घेऊन दाखवायचा.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, ते जिवंत आणि ठणठणीत राहिलं तर पुढची इंजेक्शनं थांबवता येतील. झालं! अख्खा वाडा त्या काळ्याच्या सेवेला लागला. ते कुठे निघून जाऊ नये म्हणून त्याला रोज दूधपोळी. बाबा ऑफिसला जाताना वाकडी वाट करून त्याला बघून यायचे आणि संध्याकाळी आई पहिला प्रश्न विचारायची, ‘दिसलं का?’ आजोबांचीही तब्येत कुणी इतक्या आस्थेने विचारत नव्हतं. काळं जगलं, चांगलं गुबगुबीत झालं, आणि दादाची उरलेली इंजेक्शनं वाचली. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. आईबाबांना ते दहा दिवस कसे गेले असतील!

आणि गाडी. जाळीची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की पोरं ओरडत सुटायची. लांब लोखंडी चिमटे घेतलेली माणसं उतरायची. गळ्यात पट्टा असला की कुत्र्याला नेत नाहीत, एवढी आमची अक्कल. म्हणून मग परकराची नाडी, जुनी रिबीन, हाताला येईल ते लाल्याच्या गळ्यात. एकदा मी शाळेचा टायच बांधला होता. लाल्याला दिंडीच्या आत ओढायचं आणि दाराला अडसर घालायचा. वर्षात तेवढाच वेळ तो दरवाजा दिवसाउजेडी बंद व्हायचा. नेलेली कुत्री कुठे जातात, विचारलं की मोठी माणसं म्हणायची, ‘लांब सोडतात.’ खरं उत्तर मोठेपणी कळलं. पकडायचं आणि मारून टाकायचं, कुठे विष घालून, कुठे विजेने, हीच बऱ्याच शहरांची रीत होती. नसबंदी करून, लस टोचून त्याच जागी परत सोडायचं, हा देशभरासाठीचा नियम आला तो २००१ साली.

दादाने फोन ठेवल्यावर मी आईला विचारलं. ती टीव्ही बघत होती. आवाज कमी न करता म्हणाली, ‘कुठला लाल्या? फाटक्या कानाचा की पांढऱ्या पायाचा? आणखी एक होता, शेपूट तुटका. एक गेला की महिना-दोन महिन्यांत दुसरा यायचा पायरीवर. तांबडा असला की तुम्ही लाल्याच म्हणायचात.’

फाटक्या कानाचा लाल्या कशाने गेला, मी विचारलं. आईला आठवेना. गाडी, विष, मोटार, काहीही असेल. चौकशी कुणी केली नव्हती. दरवर्षी वखारीत पिल्लं व्हायची, त्यातली पावसाळा संपेपर्यंत एखाद-दुसरं उरायचं, आणि आम्ही त्या उरलेल्याचं बारसं करायचो. लाल्या फार जगला, असं मी मुलांना आजवर सांगत आलेय.

त्यामुळे ग्रुपवर आमच्या पिढीचे लोक ‘त्या काळी’ म्हणून जे लिहितात, ते मला दोन्ही बाजूंचं पचत नाही. ‘तेव्हा त्रास नव्हता’ म्हणणारे इंजेक्शनं विसरतात, ‘तेव्हा माया होती’ म्हणणारे गाडी विसरतात. माया होती, नाही असं नाही. पण ती पायरीपुरती. आता पायरीच नाही. वाड्याच्या जागी सहा मजले आणि खाली पार्किंग आहे, कोपऱ्यावरची कचराकुंडी गेली, कुत्री गाड्यांखाली झोपतात. आमच्या कोथरूडच्या गेटवरच्या दोघांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. ऑगस्ट २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतली कुत्री निवाऱ्यात डांबा म्हटलं आणि अकरा दिवसांत तो हुकूम बदलून, लस टोचून सोडा पण खायला ठरवलेल्या जागीच घाला, असं सांगितलं, तेव्हापासून ही ‘ठरवलेली जागा’ आमच्याकडे अजून ठरते आहे.

मला विचाराल तर मीटर-खोलीच्या मागची जागा चांगली आहे. आडोसा आहे, लहान मुलं तिकडे फिरकत नाहीत, नळ जवळ. रविवारी दहा वाजता गच्चीत मीटिंग आहे, तेव्हा मांडेन म्हणते. विषयपत्रिकेत कुत्री चौथ्या क्रमांकावर आहेत. तिसरा विषय पार्किंगचा, म्हणजे चौथ्यापर्यंत काही आपण पोचत नाही.