शाळा बघायला जाल तेव्हा वर्गात बसून या

लेक साडेसहा वर्षांची असताना तिने कुठून तरी एक वाक्य उचललं. "मला येत नाही." प्रश्न पुरता ऐकूनही घ्यायची नाही, आधीच सांगून मोकळी व्हायची. घरी सहज विचारलं, तीन आणि चार किती गं, तरी तेच. खरं तर तिला येत होतं. ती हात पाठीमागे धरायची, बोटं मोजताना ओठ हलायचे, उत्तर अगदी ओठांवर यायचं आणि मग मान खाली घालून म्हणायची, "येत नाही."

ती खाजगी शाळा आम्हीच निवडली होती आणि निवडताना कसूर केली असं तेव्हा मुळीच वाटलं नव्हतं. दहावी-बारावीचे निकाल पाहिले, इमारत पाहिली, ओळखीतल्या चार घरांतली मुलं तिथे जात होती. सभागृह पाहून तर आम्ही दिपूनच गेलो. फक्त वर्ग चालू असताना आत जाऊन बसलो नव्हतो. तसं विचारायचं असतं, हेच सुचलं नाही.

दीड वर्षाने शाळेने पालकांना तास बघायला बोलावलं. मी मागच्या भिंतीशी बसले. टीचर मनाने चांगल्या होत्या, मुलांशी गोड बोलत होत्या. पाण्याची बादली ठेवली होती आणि काय बुडेल, काय तरंगेल असा धडा चालला होता. "खिळा?" असं म्हणून त्यांनी माझ्या लेकीकडे बोट केलं. तिने वर पाहिलं. ओठ हलायला लागले. "नाही येत? बरं, बस. तू सांग." पुढचा मुलगा म्हणाला, "बुडेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रश्न संपल्यापासून "नाही येत?" म्हणेपर्यंत मी मनात एकसुद्धा पुरता मोजला नव्हता.

तिचं ते वाक्य तिचं नव्हतंच. दीड वर्ष रोज तिला ते ऐकवलं गेलं होतं, प्रेमाने.

घरी येऊन मी वाचायला बसले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञानशिक्षण संशोधक होत्या. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात ते मोजलं. साधारण एक सेकंद. मुलाने उत्तर दिल्यावरही शिक्षक तितक्याच घाईने पुढे बोलत होते. हा वेळ तीन सेकंदांवर किंवा त्याच्या थोडा पुढे नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. फक्त दोन सेकंद जास्त! वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्या लेकीला तेवढेच हवे होते.

मग आम्ही दुसरी शाळा शोधायला निघालो. या वेळी पाच शाळा पाहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच मागणी आधी केली: चालू वर्गात अर्धा तास बसू द्याल का? दोन शाळा सरळ नाही म्हणाल्या. एकीने सुरक्षेचं कारण दिलं, ते मला पटलं, पण त्यांनी दुसरा काही मार्गही सुचवला नाही. तिसरीने वर्ग दाखवला, पण आम्ही दारात येताच सगळी मुलं उभी राहून एका सुरात कविता म्हणायला लागली. उरलेल्या दोन शाळांमध्ये बसता आलं.

वर्गात बसाल तेव्हा टीचर काय शिकवतात याकडे फार पाहू नका. मूल चुकलं की काय होतं ते पाहा. चुकीचं उत्तर आल्यावर टीचर "अजून कोण सांगेल?" म्हणून पुढे जातात, की "तुला असं का वाटलं?" विचारतात? बाकीची मुलं हसतात का? हसली तर टीचर काय करतात? मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलाकडे अर्ध्या तासात एकदा तरी कुणी जातं का? हे माहितीपत्रकात कधीच सापडणार नाही. जमलं तर एक-दोन वह्याही पाहायला मागा. नुसत्या बरोबर-चूकच्या खुणा आहेत, की चुकलेल्या ओळीखाली टीचरने काही लिहिलंय आणि मुलाने ते पुन्हा करून पाहिलंय? मला एका वहीत "इथपर्यंत बरोबर आलास, आता पुढची पायरी बघ" असं लिहिलेलं दिसलं. ती ओळ मी अजून विसरलेले नाही.

भिंतीही बोलतात. एका शाळेत पॅसेजमध्ये तीस सूर्य लावले होते, तिसांचेही किरण सारखे, सारख्याच पिवळ्या रंगाचे. दुसरीकडे एका मुलाने सूर्याला निळा केला होता आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरात "थंडीतला सूर्य" असं लिहिलं होतं. तो तसाच लावलेला होता. ग्रंथालयात गेलात तर पुस्तकांचे कोपरे पाहा, हाताळलेली पुस्तकं लगेच ओळखू येतात. आणि मुलांच्या स्वच्छतागृहात जरूर डोकवा. साबण आहे का, कडी लहान मुलाच्या हाताला पोचते का. दिवसभर लघवी रोखून धरणारी मुलं मी पाहिली आहेत.

शिकवण्याच्या पद्धतींच्या नावांबद्दल थोडं सांगते, कारण आम्ही तिथेही गडबडलो होतो. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, 1907 साली रोममध्ये सुरू केलं. आज मॉन्टेसरी हे नाव कोणतीही शाळा लावू शकते. त्यामुळे पाटी न वाचता विचारा: तीन ते सहा वयाची मुलं एकत्र असतात का? मुलांना आपलं काम निवडून ते सलग करायला किती वेळ मिळतो? मूळ पद्धतीत हा वेळ सुमारे तीन तासांचा धरतात. दर अर्ध्या तासाला घंटा होत असेल तर कपाटात लाकडी साहित्य मांडून ठेवून फारसा उपयोग नाही. आयबीचंही, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचंही, तसंच. तो चालवणारी संस्था 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झाली आणि ती शाळांना मान्यता देते. मात्र काही शाळा अजून उमेदवार असतात, म्हणजे मान्यता मिळायची बाकी असते. बोलताना हा फरक पुसला जातो. मान्यता मिळालीय का, आणि नेमक्या कोणत्या वर्गांसाठी, हे लेखी मागा.

वर्गात मुलं किती, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारायलाच हवा. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात एक मोठा प्रयोग झाला. 79 शाळांमधली बालवर्गापासून तिसरीपर्यंतची मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वेगवेगळ्या वर्गांत वाटली होती. 13 ते 17 मुलांच्या वर्गांतली मुलं 22 ते 25च्या वर्गांतल्या मुलांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे राहिली. त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मोठ्या वर्गात पूर्णवेळ मदतनीस दिल्याने तसा फरक पडला नव्हता. म्हणून "वर्ग मोठा आहे, पण असिस्टंट टीचर आहेत ना" असं सांगितलं, की ती असिस्टंट नेमकं काय करते ते खोदून विचारा.

निकालांचं काय? निकाल खोटे नसतात. पण ते मुलांच्या घरांबद्दलही बरंच सांगतात. पंधरा वर्षांच्या मुलांची पीसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी 2000 सालापासून होते. त्यात खाजगी शाळांची मुलं बहुतेक ठिकाणी पुढे दिसतात, पण घरची आर्थिक-सामाजिक स्थिती हिशेबात घेतली की ती आघाडी बरीचशी विरून जाते. मला त्याहून जास्त सांगून गेला तो दुसरा प्रश्न: पहिलीत आलेली किती मुलं इथेच दहावीपर्यंत पोचतात? मधली गळालेली मुलं निकालाच्या फलकावर येत नाहीत.

मी हिशेब तपासणीचं काम करते, म्हणून फीबद्दल थोडं हट्टाने सांगते. "वर्षाची फी" म्हणून जो आकडा सांगतात तो तिथेच थांबत नाही. प्रवेश शुल्क, अनामत, बस, गणवेश, पुस्तकं, सहली, शाळेनंतरचे वर्ग, सगळं एका कागदावर मागा. गेल्या तीन वर्षांत फी कशी वाढली आणि मध्येच शाळा सोडली तर काय परत मिळतं, हेही त्याच कागदावर. मग तो आकडा शेवटच्या इयत्तेपर्यंत, वाढ धरून, मांडून बघा. एका शाळेत सगळं छान वाटलं होतं, पण एक रक्कम त्यांना लेखी द्यायची नव्हती. आम्ही तिथूनच परतलो.

मुख्याध्यापकांना मी एकच प्रश्न तयार ठेवला होता. "मॅडम, गेल्या वर्षी एखाद्या मुलाला जमत नव्हतं, तेव्हा तुम्ही काय केलंत? नाव नको, फक्त काय झालं ते सांगा." एका ठिकाणी उत्तर आलं, "आमच्याकडे तशी मुलं नसतात." आम्ही नमस्कार करून उठलो. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडम जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, एक मुलगा घंटा वाजली की बाकाखाली शिरायचा. त्यांनी तीन महिने त्याला घंटेच्या दोन मिनिटं आधी वर्गाबाहेर नेलं आणि हळूहळू त्याची सवय झाली. नंतर, न विचारता, त्यांनी आणखी सांगितलं: "एका मुलीसाठी मात्र आम्ही कमी पडलो. तिला आमच्यापेक्षा वेगळी मदत हवी होती, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं." आपली चूक अशी तोंडावर सांगणारं माणूस लेकीच्या शाळेत असावं, असं मला फार वाटलं.

याच शाळेत मी वर्गात बसून मोजलं होतं. टीचरने विचारलं, "बी पेरलं की आधी खाली काय जातं?" मग त्या गप्प राहिल्या. एक, दोन, तीन, चार. हात वर केलेल्या मुलांना त्यांनी नुसता तळवा दाखवून थांबवलं होतं. पाचव्या अंकाला कोपऱ्यातला एक बारीक आवाज म्हणाला, "मूळ... म्हणजे, मला वाटतं मूळ."

शाळा लांब होती. बसमध्ये जाऊन-येऊन सव्वा तास. त्यावर आमच्या घरात खूप बोलणं झालं आणि मी ते हलकं धरत नाही, कारण पेंगुळलेलं मूल उत्तम वर्गातही काही शिकत नाही. शेवटी नवऱ्याने ऑफिसची वेळ बदलून घेतली आणि सकाळचं सोडणं आपल्याकडे घेतलं. ते जमलं नसतं तर मी जवळच्या, थोड्या डाव्या वाटणाऱ्या शाळेचा पुन्हा विचार केला असता.

प्रवेशाच्या फॉर्मवर शेवटी तीन मोकळ्या ओळी होत्या. "तुमच्या पाल्याबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं?" मी लिहिलं, "उत्तर द्यायला तिला वेळ लागतो." लेक शेजारीच बसली होती. "काय लिहिलंस?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. ती कागदाकडे बघत राहिली, ओठ हलत होते. मी काही बोलले नाही, थांबले.

"आई," ती म्हणाली, "वेळ लागतो पण येतं, असं लिही."

मी तसं लिहिलं.