दोन तिकिटं

१९९४ची दिवाळी आठवड्यावर आली होती. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेत हवालदार होतो. पडक्या विहिरीत प्रेत तरंगतंय अशी वर्दी एका शेतकऱ्याने दिली. बाजेला दोर बांधून आम्ही ते वर काढलं. चाळिशीचा पुरुष, चेहरा ओळखीपलीकडे गेलेला. डॉक्टरांनी जागेवरच पीएम, म्हणजे शवविच्छेदन केलं आणि गळ्यातलं मोडलेलं बारीक हाड मला दाखवलं. गळा दाबल्याची खूण. सकाळी कलम १७४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती, संध्याकाळी खुनाचा, ३०२ दाखल झाला.

पण मेलेला कोण, तेच कळेना. आसपासच्या जिल्ह्यांना बिनतारी संदेश गेले. मिसिंगच्या नोंदी चाळल्या. या वर्णनाचा माणूस हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती. पाण्यात राहून बोटांची कातडी मोज्यासारखी सुटली होती. ठसेतज्ज्ञांनी ती स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसे घेतले. मी थक्क होऊन बघत राहिलो. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय आपल्याच देशात, कोलकात्यात, १८९७ साली निघालं. पण ठसा जुळायला तो आधी कुठेतरी घेतलेला लागतो. या माणसाचा ठसा कुणी कधी घेतलाच नव्हता.

कपड्यांवर धोबीखूण नाही, शिंप्याचं लेबल नाही. बंडीला आतून हाताने शिवलेला चोरखिसा तेवढा होता. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली तंबाखू, चुन्याची डबी आणि एसटीची दोन तिकिटं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं : बाकी ६०.

साहेब म्हणाले, "एकाच माणसाच्या भाड्याची दोन तिकिटं फाडली असतील." कंडक्टर कधीकधी तसं करायचेही. पण दोन्ही एकाच किमतीची होती आणि नंबर लागोपाठचे. मी ती टीपकागदात वाळवून आगाराच्या तिकीट व रोकड शाखेत घेऊन गेलो. तेव्हा मशीन नव्हतं, छापील तिकिटं होती. कुठला गठ्ठा कुठल्या कंडक्टरला दिला याची नोंद असायची आणि कंडक्टर प्रत्येक टप्प्यावर वे-बिलात तिकिटाचा नंबर मांडायचा. दुपारपर्यंत तारीख, फेरी आणि चढल्याची जागा मिळाली. शेजारच्या जिल्ह्यातला एका साखर कारखान्याचा फाटा. तिथून आमच्या तालुक्यापर्यंतचं भाडं तक्त्यात बघितलं, तर ते एका तिकिटाएवढंच होतं. म्हणजे माणसं दोन होती.

कंडक्टर संध्याकाळच्या फेरीवरून आला. स्वतःचं अक्षर बघून गप्प झाला. मग म्हणाला, "बाकी घ्यायची राहिली त्याची. तो वळला होता माझ्याकडं, पण दुसऱ्यानं हाताला धरून खाली उतरवला. मी हाक मारली, हवालदारसाहेब." ६० रुपये म्हणजे तेव्हा दोन दिवसांची मजुरी. ती हाक मला अजून आठवते, आणि मी तर ती ऐकलेलीही नाही.

फाटा कारखान्याचा, दिवस ऊसतोडीच्या उचलीचे, म्हणजे मजुरांची टोळी आणायला मुकादमाला आगाऊ पैसे देण्याचे. मी थेट तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो आणि गुन्ह्यांचं रजिस्टर मागितलं. बीड जिल्ह्यातल्या एका मुकादमावर फसवणुकीचा ताजा ४२० होता : ६० हजारांची उचल घेतली, टोळी आणली नाही, आरोपी फरार. आम्ही त्याला हरवलेल्यांत शोधत होतो, कागदावर तो फरारींत होता. गावाला वाटत होतं तो पैसे घेऊन पळाला, कारखान्यालाही तेच. मग हरवल्याची तक्रार देणार कोण?

पुढचं लवकर उलगडलं. गावातला एकजण त्याच्यासोबत उचल आणायला गेला होता. "मुकादम कारखान्यावरच राहिला, मी ट्रकनं एकटाच आलो," असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. ओळख परेडमध्ये कंडक्टरने त्याच्यासमोर येताच बोट केलं. पैसे त्याच्या कडब्याच्या गंजीत निघाले.

मुकादमाची बायको ओळख पटवायला आली. तिने कपड्यांतून बंडी उचलली, उलटी केली आणि चोरखिशाच्या टाक्यांवर बोट फिरवलं. टाके तिचेच होते. पंधरा दिवस कोयत्यांची माणसं, म्हणजे टोळीतले ऊसतोड मजूर, तिच्या दारात येऊन शिव्या देत होती. रडणं थांबल्यावर ती एवढंच म्हणाली, "मालकांनी पैसं खाल्लं न्हाईत, एवढं लिहून द्या."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आरोपी मेला की त्याच्यावरच्या गुन्ह्याची अबेट समरी होते, म्हणजे तपास तिथेच बंद. त्यात आरोपी मयत एवढंच येतं, तो निर्दोष होता असं कुठे येत नाही. मला ते सहन होईना. मी साहेबांच्या मागेच लागलो. शेवटी त्यांनी ग्रामपंचायतीला पत्र दिलं की उचलीची रक्कम दुसऱ्या इसमाकडून जप्त झाली आहे आणि मुकादमाचा खून त्याच रकमेसाठी झाला आहे.

पत्र मीच घेऊन गेलो. तिला वाचता येत नव्हतं. मारुतीच्या पारावर माणसं जमल्यावर तिने ते मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. ती म्हणाली, "पुन्यांदा वाचा. मोठ्यानं."