तुम्ही विचारलंत म्हणून: वांगी का बंद केली

मे महिना आला की तोच प्रश्न. यंदा पण रोपं नाहीत का? मंडळाच्या पिकनिकला घरच्या वांग्यांची भरली वांगी आणायचात, आता दुकानातली का? आणि उत्तर द्यायच्या आत सल्ला, "अहो एक फवारा मारायचा, किड्याला काय घाबरायचं." तर एकदाचं लिहूनच टाकते.

किडा म्हणजे तोच, पिवळट पाठीवर दहा काळ्या रेघा, कोलोराडोचा बटाटा-भुंगेरा. नाव बटाट्याचं, पण वांगं दिसलं की बटाट्याची आठवण राहत नाही त्याला. आणि आपण राहतो कुठे, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, जिथे आपली घरं व्हायच्या आधी बटाट्याची शेतंच शेतं होती. डीडीटीला दाद न देणारा हा भुंगेरा पहिल्यांदा सापडला तो इथेच, १९५२ साली, आणि तेव्हापासून ५० च्या वर औषधं पचवून बसलाय. फवारा सुचवणाऱ्यांनी आधी स्वतःचा पत्ता वाचावा.

जाळी? लावली होती. हिवाळाभर हे मातीत झोपलेले असतात, त्यातही सगळे एका वर्षात उठत नाहीत, काही दोन-दोन वर्षं पडून राहतात, म्हणजे जाळी लावली की आतूनच वर येणार, आयतं ताट. निंबोळी तेल बारक्या अळ्यांना थोडंफार चालतं, मोठा भुंगेरा ढुंकून बघत नाही. आणि गावाकडचे उपाय प्लीज सांगू नका, हा भारतात नाहीच. तिकडे वांग्याची पानं खरवडतो तो २८ ठिपक्यांचा, त्याचं कुळच वेगळं.

आईलाही मी हेच सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी ती कराडहून आली होती, सहा महिन्यांसाठी. ती म्हणाली, रेघा असोत नाहीतर ठिपके, भुंगेरा तो भुंगेरा. रोज सकाळी चहाच्या आधी दह्याच्या रिकाम्या डब्यात साबणाचं पाणी घेऊन बाहेर. एकेक पान उलटं करायची. खाली केशरी-पिवळ्या अंड्यांचा पुंजका, २०-३० अंडी उभी चिकटवलेली, ती अंगठ्याने चिरडायची आणि लालसर फुगीर अळ्या डब्यात झटकायची. अंगठा पिवळा झालेला असायचा, हळद कालवल्यासारखा. मला वाटायचं टाइमपास आहे तिचा, आणि खरं सांगायचं तर शेजारचे बघतात याची थोडी लाजच वाटायची. १५ रोपं होती, एकाचंही पान गेलं नाही.

मग जुलैमध्ये मी हट्टाने तिला नायगाराला नेलं. ती म्हणत होती अंडी दिसतायत, पुढच्या आठवड्यात जाऊ, मी म्हटलं आई, चार दिवसांनी काय होतंय. मधेच कुणाकडे तरी मुक्काम वाढला, चाराचे सहा झाले, तेही ऐन उकाड्यात. परत आलो तर देठ आणि शिरा. काही रोपांवर फुलं तेवढी होती आणि अळ्या एकमेकींच्या अंगावर चढून खात होत्या.

मी कपडेही न बदलता दुकानात जाऊन हाताला येईल ती बाटली घेतली, भर दुपारी, फुलांवर, लेबल न वाचता मारली. मीच ती, जी त्याच्या आधीच्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर "रसायन नको, निसर्ग बघून घेतो" असा लांबलचक मेसेज टाकून बसले होते.

सकाळी भुंगेरे जसेच्या तसे. खाली मातीत दोन लेडीबग उताण्या, आणि एक केसाळ भुंगा, तोच जो फुलाला लटकून अंग थरथरवतो आणि पराग पाडतो (वांग्याला मधमाशी ते करून देत नाही), तो पाठीवर पडून गोल गोल फिरत होता. बराच वेळ. आई डबा घेऊन उभी होती. एवढंच म्हणाली, "भुंगेरा मारायला गेलीस आणि भुंगा मेला." आणि आत जाऊन चहा ठेवला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये परत जाईपर्यंत बागेत फिरकली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. दुखतही असतील.

आता तुम्ही म्हणाल, मग हाताने वेच की तूही. बरोबर आहे. एक मादी हंगामात तीनशेच्या वर अंडी घालते आणि मला साडेसातची ट्रेन असते, हे माझं नेहमीचं उत्तर. आईलाही गुडघे होतेच, हे त्यावर माझंच मला उत्तर. कधी वाटतं मी औषधाला भ्यायले, कधी वाटतं त्या डब्यालाच. नोकरी तर सहा महिन्यांत पार्टटाइम झाली होती, तरी वांगी लावली नाहीतच.

आणि हो, पिकनिकची वांगी दुकानातलीच असतात, ती काही कुणी अंगठ्याने राखलेली नसणार, हे मलाही कळतं.

सध्या कंपोस्टच्या कडेला बटाट्याच्या सालीतून एक रोप उगवलंय, उपटायचं राहिलंय. काल पानं उलटून बघितली. अजून काही नाही.