इथवर बरोबर

स्मरणिकेसाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा वाटलं हे काम अ तुकडीवाल्यांचं, आपण ड मधले, आपल्याला कोण विचारतंय! आमच्या वेळी आठवीत मार्कांवरून तुकड्या पडायच्या आणि ड मिळाली की सख्खी मावशीसुद्धा "आता आयटीआयचं बघा" म्हणायची (आयटीआय काही वाईट नाही, सांगायची पद्धत वाईट).

एक सर पेपर वाटताना सगळ्यात जास्त मार्कांपासून सुरू करायचे. आपलं नाव येईना तसा पोटात गोळा, आणि शेवटचे चार-पाच उरले की सर नाव न घेता नुसता आकडा वाचायचे, वर्ग हसायचा आणि आपणही हसायचो, कारण न हसणाऱ्याला मधल्या सुट्टीत जास्त त्रास.

गणिताच्या बाई वेगळ्या. पेपर दुमडून बाकावर ठेवायच्या, मार्क आतल्या बाजूला. माझं समीकरण चुकलेलं, पण सरसकट फुली नाही, दुसऱ्या ओळीशेजारी लाल पेनाने लिहिलेलं, "इथवर बरोबर. पुढे बाजू बदलताना चिन्ह बदललं नाहीस." म्हणजे दोन ओळी मला येत होत्या की! फळ्यावर उठवायच्या तेपण आदल्या दिवशी व्हरांड्यात हळूच सांगून, उद्या सातवं गणित तुझं, घरून करून ये. वर्गाला वाटायचं अचानक उठवलं. "हुशार आहेस" मात्र त्यांनी मला कधी म्हटल्याचं आठवत नाही.

पुढे डीएड करून जिल्हा परिषद शाळेत लागलो, तेव्हा म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ चा अभ्यास वाचनात आला. अमेरिकेतली पाचवीची मुलं, कोडी सोडवल्यावर ज्यांना "हुशार आहेस" म्हटलं ती पुढची अवघड कोडी आली की ढेपाळली, "मेहनत घेतलीस" म्हटलेली जास्त टिकली. बाईंनी हे कुठं वाचलं असेल असं वाटत नाही, त्यांचं ते आपसूकच होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ ने छडीबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली, पण हसण्यावारी गेलेला अपमान छळ म्हणून नोंदवतं कोण? २०१० पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन (पोरगं शिकत असतानाच त्याचं काय जमतं, काय अडतं ते वर्षभर पाहणं) आलं, त्यातल्या वर्णनात्मक नोंदी खरं तर बाईंच्या "इथवर बरोबर"सारखं लिहिण्यासाठीच, पण कित्येक ठिकाणी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून "अभ्यासात रस घेतो" असं पन्नास पोरांना एकच उतरवलं जातं. त्यापेक्षा "हातच्याची वजाबाकी जमते, मधे शून्य आलं की अडतो" एवढं लिहिलं तरी आईबापाला कळतं आणि पोरालाही.