चादर दिसली की डावीकडे

डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डच्या संगीत फेस्टिव्हलला जाऊन आलेल्या माणसाला ‘कुणाकुणाला ऐकलंस?’ असं विचारून फारसा उपयोग नसतो. तो आधी चिखलाबद्दल सांगेल, मग शौचालयाच्या रांगेबद्दल, मग शेजारच्या तंबूतल्या पोरांनी पहाटे चार वाजता काय वाजवलं त्याबद्दल. आणि एकदा रंगात आला की एक लांबलचक गोष्ट सुरू करेल, जिच्यात कुणीतरी कुणाला तरी शोधत असतं. गाण्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि तीही अर्धीमुर्धी ऐकलेली.

कोपनहेगनच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर हे गाव. एरवी अगदी निवांत. डॅनिश राजेराण्यांच्या कबरी असलेलं विटांचं मोठं कॅथेड्रल, खाडीच्या काठी व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय. आजच्या डेन्मार्कमधली पहिली रेल्वे 1847 साली कोपनहेगनहून निघाली ती इथवरच. जून संपून जुलै लागताना मात्र गावाबाहेरच्या रानात लाख-सव्वा लाख माणसं आठ दिवस राहायला येतात. नुसती येऊन जात नाहीत, मुक्कामच ठोकतात. पहिले काही दिवस तर मोठे मंच बंदच असतात. लोक तंबूपुढे खुर्च्या मांडून बसतात, बिअर पितात, शेजाऱ्यांशी ओळखी काढतात. गाणं ऐकायला इतके दिवस आधी येऊन बसणाऱ्या लोकांचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. नंतर लक्षात आलं की यांच्या लेखी फेस्टिव्हल कधीच सुरू झालेला आहे, गाणारेच मागून येतात.

1971 साली शाळेत शिकणाऱ्या दोन पोरांनी हे खूळ काढलं. पुढच्याच वर्षी रॉस्किल्डच्या एका संस्थेनं ते हातात घेतलं, आणि तेव्हापासून नफा कुणाच्या खिशात न जाता समाजकार्याला आणि कलांना वाटला जातो. हे सगळं चालतं ते तीसेक हजार स्वयंसेवकांच्या जिवावर. परदेशी विद्यार्थ्याला या शेवटच्या आकड्यात रस असतो. तिकीट दोन हजार क्रोनरच्या वर. तेवढ्यात आमचा महिन्याचा किराणा भरून वर सायकलची ट्यूब बदलून झाली असती. स्वयंसेवक झालं की साधारण 32 तासांची ड्यूटी करायची आणि बाकीच्या वेळात मनगटावर तोच पट्टा बांधून तेच फेस्टिव्हल फुकट बघायचं. असा हिशेब समोर आल्यावर आमच्यातला एकही जण विचार करायला थांबला नाही.

आम्ही चौघं. मी सांगलीचा; पुण्यात इंजिनियरिंग करून पवनऊर्जा शिकायला गेलेला. एक नागपूरकर, एक पोलिश वर्गमैत्रीण आणि एक अस्सल डॅनिश पोरगा, ज्याला शाळेपासूनची सवय असल्यामुळे सगळं माहीत होतं, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. पवनचक्क्यांवर संशोधन करणारा आमच्या विद्यापीठाचा भाग रॉस्किल्डजवळच, रिसोला आहे. तिथला वारा आम्ही वर्षभर आलेखांत पाहिलेला. तंबू ठोकताना त्या आलेखांचा काडीचाही उपयोग झाला नाही, ते सोडा.

या तंबूंच्या शहरात पत्ता नसतो. विभागांना अक्षरं असतात, वाटांना पाट्या असतात, पण शेवटचे शंभर पावलं तुमची तुम्हीच काढायची. एकाच दुकानातून घेतलेले हजारो एकसारखे तंबू. दोन दिवसांत त्यांच्यामधली गवताची वाटही बुजते. म्हणून जो तो आपल्या तळावर एक उंच काठी उभारतो आणि तिला काहीतरी टांगतो. देशांचे, फुटबॉल क्लबांचे झेंडे तर असतातच. त्याशिवाय हवा भरलेला मगर, कुणाचा तरी जुना नाइटगाऊन, मासे पकडायच्या गळाला लावलेली प्लास्टिकची बदकं. दुरून पाहिलं तर एखाद्या गलबतांच्या ताफ्यानं आपला कपाटातला सगळा कचरा डोलकाठ्यांवर चढवलाय असं वाटतं.

आमच्याकडे झेंडा नव्हता. नागपूरकराच्या आईनं ‘तिकडं थंडी असते’ म्हणून बॅगेत कोंबलेली सोलापुरी चादर होती. लाल, कडेला पिवळी नक्षी, मधे चौकटींची वीण. ती काठीला बांधली तेव्हा पहिला शोध असा लागला की सोलापुरी चादर फडकत नाही. सगळ्यांचे झेंडे ऐन वाऱ्यात फडफडताहेत आणि आमची चादर दोरीवर वाळत घातल्यासारखी मान खाली घालून उभी. काठी मधूनच वाकली. पवनऊर्जेचे चार विद्यार्थी खाली उभे राहून भार, क्षेत्रफळ आणि वाऱ्याचा वेग यांची चर्चा करत होते, आणि समोरच्या तळावरच्या एका मुलीनं काही न बोलता येऊन दुसरी काठी आडवी बांधून दिली. आता चादर ताठ. तिसऱ्या दिवसापर्यंत आसपासच्या वीस-पंचवीस तळांचे लोक एकमेकांना वाट सांगताना ‘लाल गालिचा दिसला की डावीकडे’ असं म्हणायला लागले होते. गालिचा नव्हे, चादर, असं नागपूरकरानं भेटेल त्याला समजावून पाहिलं. मग नाद सोडला.

पुण्यात असताना मी डिसेंबरात सवाईला जायचो. 1953 पासून चालत आलेल्या त्या महोत्सवात भारतीय बैठकीत लवकर जाऊन चादर अंथरायची आणि जागा धरायची, मग उशिरा येणाऱ्या मित्राला हात वर करून बोलवायचं. इथे तीच चादर आडवीची उभी झाली एवढंच. फरक आहे तो श्रोत्यांत. सवाईतला शेजारी तुम्ही चिवड्याच्या पिशवीचा आवाज केलात तर अशी नजर टाकतो की घास घशात अडकावा. रॉस्किल्डचा शेजारी गाणं चालू असताना तुमच्या गळ्यात हात टाकून स्वतःच्या घटस्फोटाची हकिकत सांगतो.

मोठे मंच उघडले आणि आमची खरी पांगापांग सुरू झाली. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी कार्यक्रम. डॅनिश पोराला त्याच्या शाळेच्या दिवसांतला रॅपर ऐकायचा होता, पोलिश मैत्रिणीला मेटल, मला पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या गिटारवाल्यांचा एक गट. नागपूरकराला कुणीच नको होतं, त्याला सगळ्यांबरोबर राहायचं होतं. त्यात चौघांपैकी एकाची तरी ड्यूटी लागलेलीच. वेळापत्रक पुढ्यात घेऊन आम्ही जो तह करायचो तो प्रत्येक वेळी ‘मग दहाला ऑरेंजपाशी भेटू’ या वाक्यावर संपायचा.

ऑरेंज म्हणजे मुख्य मंच. त्यावरचं नारिंगी छत रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या दौऱ्यासाठी बनवलेलं होतं. 1978 मध्ये ते रॉस्किल्डनं घेतलं आणि तेव्हापासून तोच आकार या उत्सवाची खूण झाला. मंच बदलत गेले, रंग आणि रेषा तीच. पण ‘ऑरेंजपाशी’ म्हणजे साठेक हजार माणसांपाशी. मग खूण आणखी बारीक करायची : ‘डावीकडच्या मधल्या मनोऱ्याच्या पायाशी.’ मैदानात मंचापासून दूर स्पीकरचे मनोरे उभे असतात. आवाज सेकंदाला 340 मीटर जातो. शंभर मीटरवरच्या माणसाला मंचावरचा ठेका जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मागच्या मनोऱ्यांतला आवाज मुद्दाम तेवढाच अडवून सोडतात, नाहीतर प्रत्येक टाळी दोनदा वाजेल. ही माहिती मी नागपूरकराला मनोऱ्याच्या पायाशी उभा राहून सांगणार होतो. पण मनोऱ्याच्या पायाशी हजारभर माणसं आधीच कुणाकुणाची वाट बघत उभी होती, आणि तो त्यांच्यात नव्हता. गर्दीत फोनही धड लागत नाही. मध्येच कधीतरी लागला.

“कुठायस?”

“मी तं कवाचा इथंच उभा आहो ना बे!”

“इथं म्हणजे कुठं?”

“अबे, मनोऱ्यापाशी! समोर एक मोठा मगर दिसून राहिला.”

मगर मलाही दिसत होता. मैदानात मगर एकाहून जास्त होते.

रात्री दहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही आभाळ पूर्ण काळं होतच नाही. उत्तरेकडे एक निळसर फट उघडी राहते, तिच्यातूनच साडेचारला पुन्हा उजाडतं. त्या अर्धवट उजेडात प्रत्येक पाठमोरा माणूस आपलाच वाटतो. मी तीन अनोळखी खांद्यांवर हात ठेवले. तिघांनीही वळून आनंदानं मिठी मारली, हे तिथलं वैशिष्ट्य.

मंचाच्या अगदी पुढ्यात जायचं असेल तर मात्र असं कुठूनही घुसता येत नाही. कठड्यांनी आखलेले कप्पे असतात, त्यांत मोजून माणसं सोडतात, शिरायची वाट एक आणि बाहेर पडायची दुसरी. पुढचे रखवालदार सतत पाण्याचे पेले मागे देत राहतात. कुणी डोळे मिटले की त्यांचं लक्ष आधी तिकडे. या सगळ्या शिस्तीमागे 30 जून 2000 ची रात्र आहे. पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडच्या कार्यक्रमात गर्दी पुढे दाटत गेली, ओल्या चिखलात माणसं पडली, आणि नऊ तरुण गेले. मैदानाच्या एका बाजूला त्यांच्यासाठी नऊ बर्च लावलेले आहेत. दिवसा तिथे लोक बसलेले असतात, कुणी सँडविच खात असतं, कुणी गमबुटातलं पाणी ओतत असतं. मला ते बरं वाटलं. डॅनिश पोरगा तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, त्या वर्षी आई इथे होती. घरचा फोन वाजत राहिला होता आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. यापुढे तो काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही.

आमची ड्यूटी एका हँडबॉल क्लबच्या खाण्याच्या स्टॉलवर होती. इथले कितीतरी स्टॉल असे आजूबाजूच्या क्लबांचे आणि संघटनांचे असतात. बटाटे तळून मिळालेल्या पैशांतून पोरांचे बूट-चेंडू येतात. आमची मुकादम होती साठी उलटलेली एक निवृत्त शिक्षिका. फुलाफुलांचे गमबूट, गळ्यात शिट्टी. तिला मी पहिल्या दिवशी सवयीनं ‘मॅडम’ म्हणालो, तर तिनं मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. रात्री एकच्या पाळीला ऑरेंजवरचा कार्यक्रम सुटायचा आणि स्टॉलवर लोंढा यायचा. त्याआधीची पंधरा मिनिटं सगळ्यात सुंदर. तेल तापलेलं, गिऱ्हाईक नाही, आणि मैदानापलीकडून फक्त बास ऐकू येतोय, शब्द नाहीत. तिनं त्या ठेक्यावर कांदे चिरले. कोण गातंय हे तिलाही माहीत नव्हतं. कार्यक्रम कधी संपणार ते मात्र बरोबर सांगायची : “दोन गाणी राहिली. बटाटे सोडा.”

मी पूर्ण मन लावून ऐकलेलं संगीत बहुधा हेच असावं. पुढ्यात उभं राहून ऐकताना निम्मं लक्ष नागपूरकर कुठाय याच्यावर असायचं.

पोलिश मैत्रिणीनं दुसराच धंदा शोधला. डेन्मार्कमध्ये बिअरच्या रिकाम्या डब्यावर एक क्रोनर परत मिळतो, लहान प्लास्टिक बाटलीवर दीड, मोठीवर तीन. तंबूंच्या गल्ल्यांतून मोठमोठ्या पोत्या घेऊन फिरणारी माणसं दिवसरात्र हे डबे वेचतात. त्यांच्यासाठी हा हंगाम असतो; त्यांच्यापुढे डबा पायाखाली चेंगरून टाकणं हा उद्धटपणा समजला जातो, आणि समजला जावाच. ती सुरुवातीला आपल्याच तळाचे डबे साठवत होती. मग एका वेचणाऱ्या बाईशी तिची पोलिशमध्ये ओळख निघाली, तर आमचे सगळे डबे परस्पर तिकडे जायला लागले. बदल्यात त्या बाईकडून आम्हाला बातम्या मिळायच्या : कुठला नळ चालू आहे, कुठल्या शौचालयाकडे जाऊ नये, आणि ‘तुमचा तो उंच मित्र’ आत्ता कुठल्या गल्लीत चुकलाय. फोनपेक्षा तिचा भरवसा जास्त होता.

शेवटच्या दिवशी पाऊस आला. चादर भिजली, आणि भिजलेल्या सोलापुरी चादरीचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. काठी मोडली ती मोडलीच. दुपारी पाळीवरून परतताना मी नेहमीच्या वळणावर आलो तर आकाशात लाल काही नाही. माझ्यासारखेच आणखी आठ-दहा लोक तिथे थबकलेले, कुणाच्या हातात कॉफी, कुणाच्या खांद्यावर गिटार. एकानं मला विचारलं, “तो गालिचा कुठे गेला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत चौघंही प्रथमच एकत्र बसलो. यंदाचा सगळ्यात भारी कार्यक्रम कुठला, यावर भांडण लागलं. रॅपर, मेटल, गिटारवाले. एकानं ऐकलेलं दुसऱ्यानं ऐकलेलं नाही, त्यामुळे भांडण चांगलंच रंगलं. मत फक्त नागपूरकराचंच बाकी होतं. तो ओली चादर मांडीवर घेऊन बसला होता, कारण बॅगेत ती मावत नव्हती आणि खाली ठेवली तर डब्यात ओघळ जात होता.

“मी सगळ्यायचे शेवटचे दोन-दोन गाणे आयकले,” तो म्हणाला. “तुम्हाले हुडकत हुडकत.”

डॅनिश पोरानं फोन काढून पुढच्या वर्षीच्या ड्यूटीचं विचारायला हँडबॉल क्लबला लगेच संदेश टाकला. चौघांची पाळी एकाच वेळी लावाल का, असं त्यात लिहिलं होतं. कोपनहेगन यायच्या आत उत्तर आलं : तसं जमणार नाही, पण मोठी काठी क्लबकडे आहे.