करून राहिला, की केलं?

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या इंग्रजीच्या क्लासची शेवटची बॅच साडेआठला सुटते. त्या दिवशी सगळे गेले तरी एक मुलगा बेंचवरच बसून होता. बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका गोदामात कामाला, वय चोवीस-पंचवीस. कूलरचा आवाज होता म्हणून तो उठून टेबलाजवळ आला आणि फोल्डरमधून कागद काढला. कारणे दाखवा नोटीस होती. ४८ तासांत इंग्रजीत लेखी खुलासा द्यायचा होता आणि त्यातला दीड दिवस सरला होता.

फोर्कलिफ्टचं, म्हणजे गोदामातला माल उचलणाऱ्या गाडीचं, लायसन त्याच्याकडे नाही. रात्रपाळीला ड्रायव्हर आला नाही, यानं गाडी चालवली, रॅकला धडक बसली, माल पडला. कोणाला लागलं नाही, एवढं नशीब. शिफ्ट इन्चार्जचं म्हणणं, मी त्याला चालवायला सांगितलंच नव्हतं.

खुलासा त्यानं स्वतःच लिहून आणला होता. पहिलं वाक्य असं: 'सर लेट मी टु ड्राइव्ह द फोर्कलिफ्ट.'

सवयीनं माझा लाल पेन आधी 'टु'वर गेला. 'लेट'नंतर 'टु' येत नाही, हे मी दर बॅचला सांगते. पण खोडता खोडता थांबले आणि विचारलं, "म्हणजे तू गाडी मागितलीस आणि त्यांनी चालवू दिली?"

"नाही मॅडम, मी काहून मागू? मी नाही म्हणून राहिलो होतो, तरी चालवाले लावली."

"मग 'लेट' का लिहिलंस?"

"'मेड' लिहिलं तर साहेबांवर आरोप केल्यासारखं वाटते."

त्याच्या सभ्यपणाचं मला कौतुक वाटलं आणि काळजीही. 'लेट मी ड्राइव्ह' म्हणजे चालवू दिली: इच्छा याची, परवानगी त्यांची. 'मेड मी ड्राइव्ह' म्हणजे चालवायला लावली. एका क्रियापदानं अर्धा दोष त्यानं आपल्या अंगावर ओढून घेतला होता आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. फळ्यावर मी त्याच्याच बोलीत तीन ओळी लिहिल्या: चालवू दिली, चालवाले सांगितली, चालवाले लावली. पहिलीत 'ले' नाही, तसा 'लेट'मध्ये 'टु' नाही. दुसरीत 'ले' आहे आणि 'टोल्ड मी टु ड्राइव्ह'मध्ये 'टु'ही आहे. तिसरीपाशी मात्र गाडी अडते. आपण 'लावली'च्या आधी 'ले' म्हणतो, म्हणून आपली मुलं 'मेड मी टु' लिहितात आणि आजच्या इंग्रजीत ते चूक ठरतं. हा निव्वळ गलथानपणा नाही, असं मी त्याला सांगितलं. १६११ सालच्या इंग्रजी बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रात 'ही मेकेथ मी टु लाय डाउन' असंच आहे. 'टु' नंतर गळाला. आणि वाक्य कर्मणी केलं की तो आजही परत येतो: 'आय वॉज मेड टु ड्राइव्ह.' त्यानं हेच वाक्य निवडलं. करणाऱ्याचं नाव मागं राहतं, जबरदस्ती तेवढी स्पष्ट होते. साहेबांचं नाव त्यानं पुढच्या वाक्यात साधेपणानं घातलं.

मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात चौथी ओळ वाचली: 'आय सॉ हिम साइन द रजिस्टर.'

व्याकरण चोख होतं. 'सॉ'नंतर 'हिम', त्यानंतर मूळ क्रियापद. मीच शिकवलेलं. गाडी कोणाच्या हाती दिली याची नोंद त्या रजिस्टरमध्ये होते आणि तिथली सही आपली नाही, असं इन्चार्ज म्हणत होते. म्हणजे सगळं या ओळीवर येऊन ठेपलं होतं.

"तू नेमकं काय पाहिलंस?"

"त्यांना सही करताना पाहिलं."

आता हे 'करताना' मराठीत फार ढिलं आहे. 'मी त्याला जाताना पाहिलं' यात जाणारा मी की तो, हेसुद्धा संदर्भावरून ठरवावं लागतं. म्हणून म्हटलं, "घरी बोलतोस तसं सांग."

तो क्षणभर थांबला. "मी केबिनमधी गेलो तवा सर सही करून राहिले होते. पेन टेकला होता कागदाले. तेवढ्यात मले बाहेरून आवाज आला, मी निघालो."

"सही पूर्ण झालेली पाहिलीस?"

"नाही."

माझ्या छातीत धस्स झालं. 'सॉ हिम साइन' म्हणजे सही सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पाहिली. 'सॉ हिम साइनिंग' म्हणजे ती चालू असताना पाहिली, पुढं काय झालं ते ठाऊक नाही. 'सॉ'नंतर दोन्ही रूपं चालतात. मी मात्र परीक्षेत गोंधळ नको म्हणून इतकी वर्षं एकच शिकवत आले. त्या अर्ध्या नियमानं एका खऱ्या मुलाच्या तोंडी न पाहिलेली गोष्ट घातली होती. आणि नागपूरच्या बोलीत तो फरक लख्ख आहे, 'सही केली' आणि 'सही करून राहिले होते', म्हणजे सही चालूच होती. हीच बोली वर्गात आली की 'शुद्ध बोल' म्हणून मी टोकत आले होते.

मी माझी चूक त्याला सांगितली. हेही सांगितलं की 'साइनिंग' लिहिलंस तर तुझी बाजू थोडी लंगडी पडेल. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

"पण मी तेवढंच पाहिलं न, मॅडम."

पेन मी हातात घेतला नाही. सगळा खुलासा त्यानंच नव्यानं, स्वच्छ अक्षरात उतरवला. दहा वाजून गेले होते. खाली चौकीदारानं दोनदा हाक मारली.

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. तो सांगत होता, अधिकाऱ्यानं तीच ओळ बोटानं दाखवून विचारलं, सही पुरी होताना पाहिली का? हा म्हणाला, नाही साहेब, लिहिलं आहे तेवढंच पाहिलं. अधिकाऱ्यानं त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि रजिस्टर मागवून घेतलं. निकाल अजून लागलेला नाही. तो मात्र रोज बॅचला येतो, पाळी बदलून घेऊन.