सोलापूरकडच्या जुन्या दप्तरातली महसुली तिकिटं: ओळख आणि पारख

महसुली तिकीट, म्हणजे सरकारी शुल्क भरल्याची खूण म्हणून पावतीवर किंवा कोर्टाच्या कागदावर लावलेलं तिकीट, कागदावरून सोडवू नका. टपालाची तिकिटं जमवणाऱ्याला पाण्यात भिजवून तिकीट सुटं करायची सवय असते. जुन्या वाड्यातलं रुमालात बांधलेलं दप्तर हाती आलं की तीच सवय नुकसान करते. सुटं एक आण्याचं रसीद तिकीट ढिगाने मिळतं, त्याला कुणी विचारत नाही. तेच पावतीवर असेल तर पैसे कुणी, कुठे, कधी आणि कशापोटी घेतले हे सगळं सोबत येतं, आणि तिकीट खरं की खोटं हे तपासायचा पुरावाही त्या कागदातच असतो. शिवाय बऱ्याच महसुली तिकिटांची शाई मुद्दाम कच्ची ठेवलेली असे. सही धुऊन कुणी तेच तिकीट पुन्हा वापरू नये, हा त्यामागचा हेतू. पाण्यात टाकलं की सहीबरोबर तिकिटाचा रंगही जातो.

आपल्या भागात कागद जपण्याला आणखी एक कारण आहे. सोलापूर शहर इंग्रजी मुलखात होतं, पण अक्कलकोट वेगळं संस्थान, मंगळवेढं सांगलीकरांचं, सांगोल्यापलीकडचं आटपाडी औंधकरांचं, आणि तुळजापूर-नळदुर्ग निजामाचं. बार्शी इंग्रजांकडे असली तरी भोवती निजामाची हद्द. त्यामुळे एकाच अडत्याच्या किंवा सुताच्या व्यापाऱ्याच्या दप्तरात तीन-चार राजवटींची तिकिटं शेजारी शेजारी निघू शकतात. तिकिटावरचा छाप पुसट असेल तर मजकूर वाचा. रक्कम ‘कलदार’ (इंग्रजी रुपया) लिहिली आहे की ‘हाली शिक्का’ (निजामाचा रुपया), तारीख इंग्रजी आहे, शके आहे की फसली (निजामाकडचं महसुली वर्ष), यावरून कागद कुठला ते बरंचसं ठरतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३५७ हे १९४७-४८. वर्षाची सुरुवात वेगळ्या महिन्यात होते, म्हणून एका वर्षाचा फरक धरून चाला. निजामाच्या तिकिटांवर उर्दूबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरंही दिसतात, तेव्हा नुसतं मराठी पाहून संस्थान ठरवू नका. आणि मोडी येत नसेल तर शिकून घ्या. जुन्या पावत्यांच्या सह्या आणि मित्या मोडीत असतात, त्या वाचता आल्या नाहीत तर पारख अर्धीच राहते.

इंग्रजी मुलखातल्या तिकिटांसाठी आधी चेहरा पाहा. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ पर्यंत. सहावा जॉर्ज डिसेंबर १९३६ मध्ये गादीवर आला. जुनं तिकीट नंतरच्या कागदावर चालतं, शिल्लक साठा वापरला जाई. उलटं मात्र होऊच शकत नाही. १९३४ च्या पावतीवर सहावा जॉर्ज असेल तर तिकीट नंतर डकवलेलं आहे. किंमतही बोलते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधीच्या कागदावर नये पैसे असूच शकत नाहीत, आणि ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. एक आणा, मग दहा पैसे, मग वीस पैसे, मग एक रुपया, असा रसीद तिकिटाचा प्रवास आहे. १८९९ च्या मुद्रांक कायद्यात पावतीला एक आणा लागे तो वीस रुपयांवरच्या रकमेला. बारा रुपयांच्या पावतीवर तिकीट दिसलं तर ती पुन्हा नीट वाचा.

एडवर्डच्या काळात, १९०६ साली, अर्धा आणा आणि एक आण्याच्या टपाल तिकिटांवर टपाल व महसूल असे दोन्ही शब्द इंग्रजीत छापले गेले. म्हणून पावतीवर टपालाचं तिकीट आणि त्यावर शाईची सही दिसली तर ते खराब झालेलं तिकीट समजू नये. महसुली तिकीट सही करून रद्द करायचं हाच कायदा होता.

कोर्ट फी तिकिटांना भोक असतं. नवखे लोक ते पाहून तिकीट बाजूला टाकतात, याचं वाईट वाटतं. १८७० च्या कोर्ट फी कायद्याचं कलम ३० सांगतं की तिकिटावरचा चेहरा पंच करून काढायचा, किंमत शाबूत ठेवायची, आणि निघालेला तुकडा जाळायचा किंवा नष्ट करायचा. तेव्हा चेहऱ्यातलं भोक ही रीतसर वापराची खूण आहे. खरं नुकसान म्हणजे भोक किमतीच्या आकड्यावर गेलेलं असणं, किंवा कुणीतरी मागून कागद लावून भोक बुजवलेलं आणि वरून रंगवलेलं असणं. दिव्यासमोर धरलं की ठिगळ लगेच गडद दिसतं. दाव्याच्या कागदावर मोठी रक्कम छापील मुद्रांकाच्या कागदाची आणि उरलेली चिकटवलेल्या तिकिटांची असते. कारकुनाने लिहिलेल्या फीशी बेरीज जुळवून पाहा. बेरीज कमी भरली तर एखादं तिकीट काढून घेतलेलं आहे, आणि बहुधा तेच मोठ्या किमतीचं असतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी दहापटीच्या भिंगाखाली होते. सहीची रेघ तिकिटावरून कागदावर जिथे उतरते ती कड पाहा. मूळची सही असेल तर शाई तिकिटाच्या दात्यांमधल्या खाचांत उतरून खालच्या कागदावर बारीक ठिपके सोडते, आणि रेघ न तुटता पुढे जाते. तिकीट नंतर आणून लावलेलं असेल तर रेघ कडेला तुटते, किंवा अर्ध्या केसाएवढी सरकलेली दिसते. संस्थानी तिकिटांवर नवी किंमत किंवा नाव वरून छापलेलं असतं, ते नकली करणारे आजही आहेत. तिथे क्रम पाहायचा: खरा छाप सहीच्या खाली असतो. छापाची शाई सहीच्या रेघेवर चढलेली दिसली तर तो छाप तिकीट वापरून झाल्यावरचा आहे, मग विकणारा काहीही सांगो.

कोरं म्हणून विकलेलं तिकीट अतिनील दिव्याखाली धरा. नोटा तपासायचा छोटा दिवा यासाठी पुरतो. धुतलेली सही सावलीसारखी दिसते. कागद निळसर पांढरा चमकत असेल तर त्यात आधुनिक उजळवणारं रसायन आहे, म्हणजे तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. व्हिक्टोरियाच्या तिकिटाला ते शक्य नाही. जलचिन्ह, म्हणजे कागदातच असलेली पुसट खूण, पाहायला काळी बशी आणि लायटरचं पेट्रोल वापरतात. ते खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब करा, आणि फक्त सुट्या तिकिटांवर.

किंमत ठरवताना वय शेवटी धरा. आधी राजवट किती दुर्मीळ, मग तिकिटाचा दर त्या व्यवहाराला बरोबर आहे का, मग तारीख आणि गाव वाचता येतं का, त्यानंतर दाते आणि रंग. संस्थानी तिकिटांसाठी कोपेल आणि मॅनर्स यांच्या सूचीतले क्रमांक जगभर वापरतात, विकणाऱ्याने क्रमांक दिला तर तो स्वतः पडताळा. अक्कलकोट, सांगली आणि औंध ही संस्थानं मार्च १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात विलीन झाली. त्या वर्षाच्या संस्थानी तिकिटाच्या कागदावरची तारीख दोनदा वाचावी. माझ्या मते गिरणीच्या पगाराची किंवा सूतखरेदीची साधी, पण पूर्ण पावती सुट्या चकचकीत तिकिटाहून जास्त मोलाची आहे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. जुना डिंक तडकतो, तिकीट वळतं, घडीवर कागद तुटतो. सप्टेंबरच्या पावसात तोच डिंक ओला होऊन शेजारच्या पानाला चिकटतो. म्हणून लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. प्रत्येक कागद उघडून सपाट, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून निघणारा तेलकट अंश शाई ओढतो. घडी सोडवायची असेल तर बंद डब्यात खाली ओला टीपकागद, वर जाळी आणि जाळीवर दस्त, असं दोन तास ठेवा. दर अर्ध्या तासाने शाई पसरत नाही ना ते पाहा, आणि मग दोन कोरड्या टीपकागदांत दाबून ठेवा. कोरी, डिंकाची तिकिटं या डब्यात कधीही घालू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही.